दोन्ही येणारे, नेणारा गायब

"ओ मास्तर! नाच बसवलाय का चौकातले पुतळे? हलवा की त्यांना!"

ही आरोळी दिगूमामांची. दिगूमामा म्हणजे नवरदेवाचे मामा, सहा ट्रकांचे मालक. आवाज असा की हायवेच्या कडेला उभं राहून नुसते शिंकले तरी सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या डिपर मारतात. उमरग्याचं हायवेलगतचं मंगल कार्यालय, दुपारचे चार वाजलेले, अक्षता पडून दोन तास झालेले, आणि अख्खा मांडव स्टेजकडं तोंड करून बसलेला.

स्टेजवर नवरा-नवरी. डीजेवाल्यानं गाणं सोडलं होतं, पांढरा थंड धूर गुडघ्यापर्यंत आला होता, डोक्यावर ड्रोन घोंघावत होता. आणि मी आठ दिवस घाम गाळून तयार केलेली जोडी जागची हलत नव्हती. दोघांचे डावे हात एकमेकांच्या खांद्यावर. दोघांचे उजवे हात दोन दिशांना हवेत, एसटीला हात दाखवून उभे असल्यासारखे. दोघं एकमेकांकडं बघत होते, अगदी अदबीनं, समोरचा काय करतो याची वाट बघत. ड्रोनसुद्धा दोनदा खाली येऊन बघून गेला, माणसं जिती आहेत ना म्हणून.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सलामी झाली, आता कुस्ती लावा!"

मी स्टेजच्या पायरीशी उभा होतो. त्यांचे ते चार हात बघितले आणि काय झालंय ते मला लख्ख कळलं. तीस वर्षांच्या धंद्यात जी चूक माझ्या शत्रूनंही केली नसती ती मी केली होती. नाच दोघांचा, आणि मी दोघांनाही एकच बाजू शिकवून ठेवली होती.

हे नीट कळायला आधी माझा धंदा कळला पाहिजे. तोवर त्यांना तसंच उभं राहू द्या. आठ दिवस मी त्यांना उभं राहायलाच शिकवलं होतं.

मी नाच शिकवतो. शाळांची गॅदरिंगं बसवतो, आणि गेली काही वर्षं लग्नातले जोडीनाच. पूर्वी लग्नात नाच म्हणजे वरातीपुढं बँडच्या तालावर. त्यात शिकवण्यासारखं काही नसतं, दोन्ही हात वर केले की झालं. आता मोबाईलवर बघून बघून सगळ्यांना स्टेजवर हातात हात घालून गिरक्या घ्यायच्या असतात. उमरग्यापासून हैदराबादपर्यंत रस्त्याकडेला जेवढे किलोमीटरचे दगड आहेत तेवढ्या जोड्या मी नाचवल्यात. खोटं वाटत असेल तर दगड मोजून या.

जोडीनाचात कामं दोन. एकजण नेतो, एकजण येतो. मी त्यांना नेणारा आणि येणारा म्हणतो, उगाच इंग्रजी नावं घेऊन माणसं घाबरवत नाही. नेणाऱ्याचा हात येणाऱ्याच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली. पाऊल पडायच्या अर्धा ठोका आधी त्या हातानं कळवायचं, आता मागं, आता डावीकडं, आता गिरकी. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं कळवायचं. आणि येणाऱ्यानं अंदाज बांधून आधीच पळायचं नाही. कळेपर्यंत थांबायचं आणि कळलं की मन लावून जायचं.

लोकांना वाटतं नेणं अवघड आणि येणं सोपं. असं वाटणाऱ्यानं आमच्या हायवेवर ट्रक रिव्हर्स घेताना बघावा. क्लीनर मागं उभा राहून गाडीवर थाप मारतो, "येऊ द्या, येऊ द्या... बस्स!" ड्रायव्हर मोठा, पगार त्याला जास्त, स्टिअरिंग त्याच्या हातात, पण त्या घटकेला गाडी चालते क्लीनरच्या शब्दावर. जिथलं दिसत नाही तिथं दुसऱ्याच्या भरवशावर पाठमोरं जायचं, याला छाती लागते.

मी हे शिकलो हैदराबादला. एका हॉटेलात वेटर होतो. शनिवारी संध्याकाळी तिथं म्हातारी जोडपी नाचायला यायची. कुणाचा जोडीदार आला नाही की मॅनेजर मला पुढं ढकलायचा. आजी असल्या तर मी नेणारा, आजोबा असले तर मी येणारा. एक रेल्वेतले रिटायर साहेब होते, वजन इंजिनाएवढं, बायकोचे गुडघे गेलेले. अख्खा हिवाळा मी त्यांचा येणारा होतो. एकदा तर सूपचा ट्रे ठेवायलाही उसंत दिली नाही त्यांनी. एका हातात ट्रे घेऊन मी गिरकी घेतली. सूप उडालं, हे कबूल करतो. पण गिरकी पूर्ण होईपर्यंत मी वाटीसकट परत जागेवर आलो होतो, त्यामुळं ते आपल्या वाटीतच पडलं. माझ्या मिशा बघून कुणाला पटत नाही, पण माझ्याइतका चांगला येणारा अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. भूमचे एक जनावरांचे दलाल होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकींनी कार्यक्रम ठेवला आणि आई-बापांनी नाचायचं असा हट्ट धरला. दलाल मला म्हणाले, "मास्तर, मला ताल न्हाय, बेताल न्हाय. मला फकस्त बैल कळतो." आता आठवडी बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत हे तुम्हाला ठाऊक असेल. उपरण्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून सौदा करतात. बघणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. मी म्हणालो, "काका, काकूंचा हात उपरण्याखाली आहे असं समजा. करंगळी दाबली की डावीकडं, तर्जनी दाबली की उजवीकडं, पंजा आवळला की गिरकी." काय सांगू! असा नेणारा मी हैदराबादला बघितला नाही. काकू वाऱ्यासारख्या फिरल्या. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत आज पयल्यांदा कळलं ह्यांना काय म्हणायचंय ते. आता मी दाबणार बोटं."

मला वाटलं गडी भडकतोय. तर दलाल म्हणाले, "दाब की. बाजारात दोन्हीकडनं दाबतात. एकट्यानं दाबल्यावर सौदा व्हतोय व्हय?"

मी हसलो आणि विसरून गेलो. ते वाक्य क्लासच्या भिंतीवर रंगवून घ्यायला पाहिजे होतं. घेतलं असतं तर स्टेजवरची ती दोघं त्या दिवशी अशी उभी नसती.

तर आता त्यांच्याबद्दल.

नवरदेव शिवराज, सगळे शिवा म्हणायचे. तो पाळण्यात असताना वडील गेले. दिगूमामांनी त्याला ट्रकच्या केबिनमध्ये मांडीवर घेऊन वाढवला, शिकवला, धंद्यात भागीदार केला. मामांचं प्रेम एवढं की शिवानं कुठला शर्ट घालायचा तेही मामा सांगायचे. शिवा गाडी अशी चालवायचा की उमरग्याच्या भाजीमंडईतून दहा चाकी ट्रक काढला तर एक कोथिंबिरीची काडी हलायची नाही. पण तोंडातून वाक्य एकच, "मामा म्हणतील तसं." चहा घेणार का? मामा म्हणतील तसं. मला तर संशय आहे, पाळण्यातून बाहेर यायचं की नाही हेही त्यानं मामांनाच विचारलं असेल.

नवरी गौरी, मुरुमची. तिथल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. तिच्या पोरींचा कबड्डीचा संघ होता आणि तिची शिट्टी वाजली की मुरुमच्या बाजारातले रिक्षावालेसुद्धा रांगेत उभे राहायचे.

आमच्या भागात साखरपुडा झाला की मुलगा-मुलगी दिवसभर फोनवर बोलतात, त्याला कुणाची हरकत नसते. पण लग्नाआधी एका हॉलमध्ये हातात हात घेऊन तालीम म्हटलं की दोन्हीकडच्या आत्या-मावश्यांचं ब्लडप्रेशर वाढतं. म्हणून मी दोघांना वेगवेगळं शिकवतो. सकाळी उमरग्यात नवरदेव, दुपारी नवरीच्या घरी नवरी. नवरदेवापुढं मी येणारा होतो, नवरीपुढं नेणारा. लग्नाच्या दिवशी दोन अर्धुकं एकमेकांना जोडायची, की झाला नाच. आजवर एकदाही सांधा चुकला नव्हता.

शिवाय नवरीचा हात मी धरत नाही. माझी पंच्याची पद्धत आहे. पंच्याचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. पंचा ताणला की माझा इशारा तिला कळतो, सैल पडला की तिची चूक मला कळते. मुरुमला तर गौरीच्या मावशी शांताक्का अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत पहाऱ्याला बसायच्या. पंचा दोन हातांपेक्षा आखूड झाला की लगेच कानडी वळणानं, "यव्वा! मास्तर, लांबनं!"

आणि गौरी येणारी होईना. पंचा हातात आला की तीच ओढायची. पहिल्या दिवशी मी तिला नेत होतो असं मला वाटत होतं. भानावर आलो तेव्हा मी तुळशीवृंदावनाला तीन प्रदक्षिणा घालून गोठ्याच्या दारात उभा होतो. मी विनवायचो, "मॅडम, थांबा. इशारा येऊ द्या. मग हला." ती दात-ओठ खाऊन थांबायची. थांबायला शिकायला तिला आठ दिवस लागले, पण शिकली. शिस्तीची बाई. एकदा ठरवलं की नेणाऱ्यानं सांगितल्याशिवाय हलायचं नाही, की बुलडोझर आणला तरी हलणार नाही.

तिकडं शिवाचं उलटं. सकाळी मी त्याच्यापुढं येणारा बनून उभा राहायचो. त्याचा हात माझ्या पाठीवर असा पडायचा, जसं पिंपळाचं पान पडावं.

"चल शिवा, ने मला."

"कुठं नेऊ?"

"कुठंही ने."

"तरीपण... तुमीच सांगा की."

दोन दिवस गेले. शेवटी कंटाळून मी म्हणालो, निदान पावलं तरी बसू देत. आणि मीच नेणारा झालो, त्याला येणारा केला. अहो, काय आला गडी! लोण्यासारखा. इशारा करायच्या आधी नाही, नंतर नाही, बरोबर त्या ठोक्याला. मला हैदराबादचे माझे दिवस आठवले. मनात ठरवलं, शेवटच्या दोन दिवसांत याला उलटा फिरवू आणि नेणारा करू.

शेवटचे दोन दिवस मामांनी त्याला भूमकडं पत्रिका वाटायला पाठवलं. आणि माझ्यामागं तीन शाळांची गॅदरिंगं लागली होती. उलटं फिरवायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मी ठार विसरलो.

पण ही झाली धंद्यातली चूक. याहून मोठी एक आहे, ती आधी सांगून टाकतो.

पाचव्या दिवशी गौरीनं मध्येच पंचा खाली सोडला. म्हणाली, "मास्तर, एक काम कराल? त्यांना विचाराल का, माझ्या नोकरीचं त्यांना स्वतःला काय वाटतं? दिगूमामांनी साखरपुड्यातच सांगून टाकलं, लग्नानंतर शाळा बंद. घरात काय कमी आहे म्हणे. मी फोनवर ह्यांना रोज विचारते. रोज एकच उत्तर."

"मामा म्हणतील तसं," मी म्हणालो.

"तुम्हालापण तेच म्हणतात?"

शांताक्का शेंगा सोलायच्या थांबल्या होत्या. "पोरीनं मैदानात रक्त आटवून संघ उभा केलाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात जिल्ह्याला चाललाय. आणि हिनं तिकडं बसून मामाच्या ट्रकांना ववाळायचं?"

मी दुसऱ्या दिवशी शिवाला विचारलं. गिरकी घेता घेता त्याचं पाऊल चुकलं, तेही पहिल्यांदाच. म्हणाला, "त्यांनी शाळा सोडू नये असं वाटतं मला. शिट्टी वाजवताना बघितलंय मी त्यांना. लई भारी दिसतात. पण मामांना कसं सांगू, मास्तर? माझ्यासाठी त्यांनी आजवर सगळं केलंय."

हे मी गौरीला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. कारण माझा क्लास मामांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या माडीवर होता, त्यांच्या मर्जीनं. खाली मामा बोलले की वर माझ्या पायाखालची फरशी थरथरायची. मी गौरीला एवढंच म्हणालो, "मॅडम, नाचाकडं लक्ष द्या." तिनं पंचा उचलला आणि पुन्हा ताणून धरला. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्यात, त्यातली एकही मला टोचत नाही. हे न बोललेलं तेवढं टोचतं.

तर आता चला परत स्टेजवर.

गाण्याचं पहिलं कडवं निम्मं सरलं होतं. दोन्ही येणारे इशाऱ्याची वाट बघत होते आणि इशारा करणारा पायरीशी उभा राहून घामानं निथळत होता. मामा खुर्चीवरून उठले. "शिवा! अरे ओढ की तिला! धर आन् ओढ!"

शिवानं सवयीनं मामांकडं बघितलं. त्याचा एक पाय थोडा हललाही. तेवढ्यात गौरी बोलली. मी स्पीकरच्या मागं होतो म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर त्या गाण्यात कुणाला ऐकू येणार?

"मी नेऊ का?"

मी आजवर खूप मोठमोठे क्षण बघितलेत. पण त्या तीन शब्दांनंतर शिवाची मान मामांकडून गौरीकडं वळली ना, ती मान वळायला मला वाटतं पुढच्या शनिवारपर्यंतचा वेळ लागला. तो म्हणाला, "न्या."

अहाहा! तिनं आपला हवेतला उजवा हात त्याच्या पाठीवर, शेरवानीवर, बरोबर खांद्याच्या हाडाखाली ठेवला. डावा हात त्याच्या खांद्यावरून काढून त्याचा हवेत लोंबणारा हात पकडला. आणि हलक्या आवाजात म्हणाली, "येऊ द्या, येऊ द्या."

ड्रायव्हरच्या जातीला ही हाक ऐकू आली की झोपेतसुद्धा गाडी मागं जाते. शिवा मागं गेला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, धुरातून दोघं असे तरंगत निघाले की पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी नमस्कारच केला. आठ दिवस पंचा ओढायची जी खोड मी मोडायला बघत होतो, ती त्या घडीला कामाला आली. ती नेत होती आणि तो लोण्यासारखा येत होता.

आणि मग मामांचा स्फोट झाला.

"अरे उलटं! उलटं चाललंय! ती नेतीया त्याला! बंद कर रे गाणं!"

मामा डीजेकडं निघाले. मला वाटलं, आता गाणं जाणार, क्लास जाणार, मीसुद्धा जाणार. आणि कुठून हिंमत आली देव जाणे, मी धावत जाऊन डीजेच्या टेबलापुढं दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"मामा, बसा. सगळं ठरल्याप्रमाणं चाललंय."

"ठरल्याप्रमाणं? बायको नवऱ्याला फिरवतीय हे ठरलं व्हतं?"

"अदलाबदल म्हणतात याला, मामा. हैदराबादला आता सगळी बडी माणसं असंच नाचतात. पहिलं कडवं नवरी नेते, दुसरं नवरा. साधा नाच कुणीही करतो. म्हटलं तुमच्या घरचं लग्न आहे, साधं कशाला बसवायचं?"

मामा थबकले. "बिलकुल असंच करतात?"

"बिलकुल."

मी तेव्हा एवढ्या ठामपणे बोललो की मलाच ते खरं वाटलं. पण मनात धाकधूक एकच. थाप तर मारली की दुसरं कडवं नवरा नेतो. आणि शिवानं जन्मात कुणाला नेलेलं नव्हतं, मलासुद्धा नाही.

पहिलं कडवं संपलं. मधली बासरी सुरू झाली. गौरी माझ्याकडं बघत होती. मी मारलेली थाप तिनं ऐकली होती की नाही, मला आजही माहीत नाही. ती थांबली, त्याच्या पाठीवरचा हात काढला आणि म्हणाली, "आता तुम्ही."

शिवा उभा. बासरी संपत आलेली. मी डोळे मिटून घेतले. धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला बघवेना.

"यव्वा!" हा आवाज शांताक्कांचा. मी डोळे उघडले.

तो नेत होता. आणि कसा! हाताचं पान नव्हतं आता, हात होता. पण ओढणं नाही, ढकलणं नाही, नुसतं कळवणं. माझ्या टाळक्यात तेव्हा प्रकाश पडला. शिवाला मी चार दिवस नेलं होतं, आणि आत्ता गौरीनं नेलं होतं. पाठीवरचा हात केव्हा बरा वाटतो आणि केव्हा टोचतो हे त्याच्या पाठीला पाठ झालं होतं. मी उगाच सगळ्यांना अर्धा-अर्धा नाच शिकवत बसलो होतो. ज्यानं दोन्ही बाजू केल्या त्यालाच अख्खा नाच कळतो, हे मी स्वतः हैदराबादला सूप सांडत शिकलो होतो आणि गिऱ्हाइकांना मात्र कधी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात घात होणार होता. गौरीच्या शालूचा पदर सुटून पायात आला आणि तोल सावरत ती मागं मागं जात स्टेजच्या कडेशी आली. खाली चार फूट. तिला दिसत नव्हतं, ती पाठमोरी होती. बायका ओरडल्या. शिवा मात्र शांत. भाजीमंडईतून दहा चाकी काढणारा गडी तो; कडेपासून टायर किती अंतरावर आहे हे त्याला बघावं लागत नाही. त्यानं मनगट किंचित वळवलं, गौरी कडेलाच गर्रकन गिरकी घेऊन आत आली, शालूचा पदर आपोआप तिच्याभोवती गुंडाळला गेला, आणि तिची एक चप्पल तेवढी सुटून उडाली ती थेट ड्रोनला लागली. ड्रोन जेवणाच्या मांडवात उतरला. तो कढीत पडला असं काहीजण सांगतात, पण मी उगाच वाढवून सांगणाऱ्यांतला नाही. तो कढीच्या शेजारी पडला.

मांडव उभा राहिला! शांताक्कांनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की गौरीला शिट्टी कुणाकडून आली हे सगळ्यांना कळलं. "वन्स मोर, वन्स मोर!" डीजेवाल्यानं गाणं पुन्हा लावलं. या वेळी दोघांनी कडव्याचीही वाट बघितली नाही. आठ ठोके ती, आठ ठोके तो. अदलाबदल अशी की शेवटी शेवटी मलाही कळेना कोण नेतंय आणि कोण येतंय. दोघं हसत होते. दलालकाका म्हणाले होते तसं, दोन्हीकडून बोटं दाबली जात होती.

त्या दिवसापासून माझं नाव झालं. उमरगा, मुरुम, भूम, कुठंही जोडीनाच म्हटलं की लोक म्हणतात, "मास्तर, ते अदलाबदलवालं बसवा." मी बसवतो. आता प्रत्येक नवरदेवाला मी आधी येणारा करतो आणि प्रत्येक नवरीला एक दिवस पंचा मनसोक्त ओढू देतो. मुरुमच्या एका लग्नात तर नवरा-नवरीचं बघून दोन्ही विहिणी उठल्या आणि त्यांनीही अदलाबदल केली. तिथं मात्र दोघीही नेणाऱ्या निघाल्या. दिगूमामा पाव्हण्यांना छातीवर हात ठेवून सांगतात, "आमच्याच लग्नात पहिल्यांदा झालं हे. मी आधी बघून पास केलं, मगच स्टेजवर जाऊ दिलं." मी शेजारी उभा राहून मान डोलावतो. क्लास अजून त्यांच्याच माडीवर आहे.

खरं काय झालं होतं ते मी आज पहिल्यांदा लिहितोय. संपादकांनी धंद्याबद्दल लिहा म्हटलं, म्हणून. मामांनी वाचलं तर वाचू देत.

पण माझी खरी फत्ते त्या टाळ्यांत नव्हती. ती झाली नाच संपल्यावर, पंगतीत. नवरा-नवरी जेवायला बसले होते, समोर मी, आणि मामा स्वतः जिलेबीचं ताट घेऊन आग्रह करत फिरत होते. अंगातून आनंद नुसता उतू चालला होता त्यांच्या. शिवाच्या पानात दोन जिलेब्या टाकल्या, गौरीच्या पानात तीन, आणि त्याच खुशीत म्हणाले, "शिवा, पुढच्या सोमवारी मॅडमची रजा संपती. सकाळीच दोघं मुरुमला जावा आन् राजीनामा देऊन या. मी गाडी पाठवतो."

गौरीचा हात पानावर थांबला. पलीकडं शांताक्कांचाही थांबला. माझ्या तोंडात जिलेबी होती, ती तशीच राहिली. मला वाटलं, आता ते वाक्य येणार, जे मी तालमीत रोज सकाळी ऐकलं होतं.

शिवानं जिलेबीचा तुकडा मोडला, पाकात फिरवला, आणि वरही न बघता म्हणाला, "सोमवारी त्यांना शाळा आहे, मामा."